पहिलीच्या वर्गाची अंडी

लेक पहिलीत होती तेव्हा तिच्या वर्गाने बारा अंडी आमच्या घरी पाठवायचं ठरवलं. वर्गाने ठरवलं, टीचरने नाही. हे मुद्दाम सांगते, कारण त्या वर्गात बहुतेक गोष्टी मुलंच ठरवायची. सकाळी सगळ्यांनी गालिच्यावर गोल करून बसायचं, ज्याची पाळी असेल त्याने वर्ग चालवायचा आणि टीचरने मागे एका बुटक्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसायचं. पहिल्याच भेटीत मी तिला विचारलं होतं, मग तुम्ही शिकवता कधी? ती हसून म्हणाली की मुलं हातांनी काही करत असली की तिला फार बोलावं लागत नाही. मी ज्या शाळेत शिकले तिथे हात पट्टी खायलाच पुढे करायचे असायचे. त्यामुळे मला हे सगळं जरा लाडावलेलंच वाटायचं.

त्या वसंतात वर्गात इन्क्यूबेटर आला होता. मोठ्या परातीएवढा प्लास्टिकचा डबा, वर आरपार दिसणारं झाकण आणि आत अंडी. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा अंडी उलटायची, पाणी बघायचं, तापमान बघायचं. ही सगळी कामं मुलांची, मोठ्यांनी हात लावायचा नाही. मग मध्येच लाँग वीकेंड आला, शुक्रवार ते सोमवार. शाळा बंद, हीटिंग कमी करणार, आणि टीचरची आई दुसऱ्या राज्यात हॉस्पिटलमध्ये, त्यामुळे ती तिकडे निघालेली. अंडी कोण नेणार?

मुलांनी अटी घातल्या. घरात कुत्रा-मांजर नको आणि दिवसभर कोणीतरी घरी हवं. बरेच हात खाली गेले. नोव्हाय या आमच्या गावात ओळखीतले सगळे आईबाप गाड्यांच्या कंपन्यांत नाहीतर लॅपटॉपसमोर, दिवसभर रिकामं कोण असणार? वर्गात एरवी तोंड न उघडणारी माझी मुलगी म्हणाली, माझे आजोबा कुठेच जात नाहीत. एवढ्यावर तिची निवड झाली. तिने वर्गाला शब्द दिला की सगळी अंडी जिवंत परत आणीन. टीचरचा फोन आला तेव्हा मी नो प्रॉब्लेम म्हणून मोकळी झाले. हे दोन शब्द माझ्या तोंडून विचाराच्या आधी निघतात.

आजोबा म्हणजे माझे सासरे, आमचे बाबा. सासूबाई गेल्यानंतर पुण्याहून पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे राहायला आले होते. सगळी नोकरी वीज मंडळात झालेली. इथल्या भिंतीवरच्या प्लगला बटण नसतं याचा त्यांना मनापासून राग होता. बटण नाही, मग बंद कसं करणार? तर घराबाहेर पडताना ते सगळ्या पिना उपटून ठेवायचे. टोस्टर, माझ्या लॅपटॉपचा चार्जर, मायक्रोवेव्ह. आमच्या मायक्रोवेव्हचं घड्याळ कायम लुकलुकत असायचं, वेळ लावायचं मी सोडूनच दिलं होतं. मी दातओठ खात पिना परत लावायचे. सासऱ्यांना काही बोलता येत नव्हतं, म्हणून नवऱ्याला बोलायचे. तो म्हणायचा, "थोडे महिने आहेत गं, लेट इट गो."

बाबा अंडं खात नाहीत, म्हणून ते असेपर्यंत घरात अंडं येत नव्हतं. आणि आता एकदम बारा आली. ते एवढंच म्हणाले, "स्वयंपाकघरात नको." मग इन्क्यूबेटर बेसमेंटमध्ये गेला, वॉशिंग मशिनजवळच्या टेबलावर. नवऱ्याने लाल बटणाची पॉवर स्ट्रिप आणून जोडून दिली.

दुसऱ्याच दिवशी बाबा दुखरा गुडघा सांभाळत खाली उतरले. लेकीने त्यांना हात धुऊन यायला लावलं आणि नियम सांगितला, "आजोबा, यू कॅन लुक. टच नाही करायचं." त्यांनी मान डोलावली. दुपारी बघते तर ते घडीची खुर्ची टाकून डब्याशेजारी बसलेले. खाली फार गार आहे म्हणून त्यांनी आपल्या खोलीतला छोटा हीटरही आणून त्याच पॉवर स्ट्रिपला लावला होता. अंडी उलटायची वेळ झाली की जिन्यातून हाक यायची. मला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. सासूबाई गेल्यापासून ते कशातच रमले नव्हते.

शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, गाडीने अर्ध्या तासावर. लेकीचा त्यात नाच होता. बाबा म्हणाले, "तुम्ही जा, मी थांबतो अंड्यांपाशी." नवऱ्याने ऐकलं नाही. "काय बाबा, सणाच्या दिवशी एकटे बसणार? दोन टर्निंगच्या मध्ये जाऊन येतोय आपण. मशिन ऑटोमॅटिक आहे, त्याला बघायचं काय?" मीही आग्रह केला. गाडी सुरू करून आम्ही बसलो होतो. बाबा नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी आले, दार दोनदा ओढून पाहिलं आणि बसले.

परत यायला संध्याकाळ झाली. लेक नऊवारीतच बेसमेंटकडे पळाली. मी चपला काढत होते, तेवढ्यात खालून तिचा आवाज आला. "आई." ओरडली नाही, रडली नाही, नुसतं आई. मी एक चप्पल पायात तशीच ठेवून खाली धावले.

डब्यातला दिवा बंद होता. तापमानाचा आकडा गेलेला. मी झाकणावर हात ठेवला तर ते गार होतं. शेजारचा हीटरही बंद, आणि स्ट्रिपवरचं लाल बटण विझलेलं. मला एका क्षणात सगळं कळलं. मागे वळून पाहिलं तर बाबा जिन्यात कठडा धरून उभे होते. त्यांनाही कळलं होतं.

तेवढ्यात नवरा खाली आला. त्याने डब्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि घाईने म्हणाला, "पॉवर गेली असेल बेटा. स्टॉर्म वगैरे झालं असेल. इट हॅपन्स." बोलता बोलता त्याने बटण दाबलं. आकडा उगवला, अडुसष्ट फॅरनहाइट. हवा होता साडेनव्याण्णव. बाबांनी ते खोडून काढलं नाही. मीही नाही.

त्या वर्गात काहीही झालं की मुलांना आधी दोन वाक्यं म्हणायला लावत. मला काय दिसतंय आणि मला काय प्रश्न पडलाय. पान गळलं तरी तेच, पेन्सिल हरवली तरी तेच. लेक नऊवारी सावरत वर गेली, आम्ही तिच्या मागे. स्वयंपाकघरात मधोमध उभी राहून ती म्हणाली, "आय नोटिस, मायक्रोवेव्ह ब्लिंक करतोय. पण तो रोजच करतो." मग ओव्हनकडे वळली. ओव्हनची पिन त्याच्या मागे भिंतीत, बाबांच्या हाताला न लागणारी. "आय नोटिस, ओव्हनचं क्लॉक करेक्ट आहे. सो पॉवर गेली नव्हती. आय वंडर..."

 तिने बापाकडे पाहिलं. आपला बाप आपल्याशी खोटं बोलला हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, आणि ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"मी बंद केलं," बाबा म्हणाले. "हीटर बंद करायला गेलो होतो. घरात कोणी नसताना हीटर चालू ठेवू नये. खालचं लाल बटण दाबलं आणि वळलो. दोन्ही गेलं असणार."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तिने सांगितलं होतं ना बाबा? कशालाही हात लावू नका म्हणून? एवढं एक काम होतं." लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता. नवरा म्हणाला, "अगं, बास." मग मी त्याच्याकडे वळले. "आणि तू? तू तिच्याशी सरळ खोटं बोललास."

"भांडू नका," लेक म्हणाली. "एग्ज वॉर्म होईपर्यंत लिड उघडायचं नाही. उद्या कॅन्डल करायचं." आणि कपडे बदलायला निघून गेली.

टीचरला मी ईमेल केली, तर ती रजेवर असल्याचं आपोआप उत्तर आलं. नवऱ्याने तोवर फोनवर एक फार्म शोधला होता. "तासाभरावर आहे. फर्टाइल एग्ज देतात. बारा आणू, त्यावर फुली आणि गोल काढू. क्लासला काय कळणार?" तो गंमत करत नव्हता. खरं सांगायचं तर मीही क्षणभर गाडीची किल्ली कुठे आहे ते आठवू लागले. लेक दारात उभी होती. "ती बेबी एग्ज असतील," ती म्हणाली. "आमची मोठी झालीत. आणि ती आमची नाहीत." नवऱ्याने फोन खिशात टाकला.

कॅन्डल करायचं म्हणजे अंधारात अंड्याला खालून टॉर्च लावून आत बघायचं. रविवारी सकाळी लेकीने त्यासाठी माझं कपड्यांचं कपाट निवडलं. खोलीएवढं आहे ते, खिडकी नाही. तिने कामं वाटली. डॅडीने एकेक अंडं टॉवेलमधून आणायचं, मी दार सांभाळायचं, आजोबांनी टॉर्च धरायचा.

"आजोबांना नको," मी म्हणाले. "मी धरते ना टॉर्च." बाबा बाजूलाच उभे होते. ते ऐकतायत हे मला माहीत होतं आणि त्याची मला पर्वा नव्हती.

"नो, आई. ज्याच्याकडून मिस्टेक होते तो फिक्सिंग टीममध्ये असतो. त्याला बाहेर नाही बसवायचं. आमचा क्लास रूल आहे." तिने टॉर्च आजोबांच्या हातात दिला.

टॉर्चचा उजेड साड्यांवर, भिंतीवर, लेकीच्या कपाळावर हलत राहिला. तिने दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं, तेव्हा कुठे तो अंड्याखाली स्थिर झाला. आतून अंडं नारंगी झालं. लाल शिरांचं जाळं आणि मध्ये एक काळा ठिपका. आम्ही चौघं बघत होतो. काही हललं नाही. "नेक्स्ट." दुसरं. तेही तसंच. तिसऱ्याला काहीतरी हललंसं वाटलं. "हललं, हललं," नवरा म्हणाला. लेक म्हणाली, "डॅडी, टॉर्च हलला का बेबी?" त्याला सांगता येईना. पुन्हा पाहिलं. मग त्या काळ्या ठिपक्याने एक झटका दिला, अगदी स्पष्ट, आणि बाबांच्या तोंडून आवाज निघाला. बारांमध्ये चार अशी होती की आम्हा सगळ्यांना हललेली दिसली. बाकीच्यांचं प्रत्येकाचं मत वेगळं होतं, म्हणून लेकीने ती धरली नाहीत.

त्यानंतर बाबा कशालाच हात लावेनासे झाले. सकाळी नऊ वाजता त्यांच्या खोलीतला दिवा तसाच जळत असायचा. बाथरूमचा पंखा चालूच. हाक मारली की जेवायला यायचे, पुढ्यात येईल ते खायचे आणि बेसमेंटमध्ये जाऊन बसायचे. मला त्यांची कीव येत होती असं म्हटलं तर ते खोटं होईल. मला राग येत होता. मी ताट ठेवायचे आणि एक शब्द न बोलता वळायचे. लेकीने दिलेल्या शब्दाचं काय होणार, एवढंच डोक्यात होतं.

मंगळवारी अंडी परत न्यायची होती. सोमवारी मी टीचरसाठी दुसरी ईमेल लिहिली. थोडा पॉवर इश्यू झाला, पण आता सगळं ठीक आहे, अशी गोलमोल. लेकीला वाचून दाखवली. "तू नको सांगू," ती म्हणाली. "मी सांगणार. मॉर्निंग मीटिंगमध्ये."  संध्याकाळपर्यंत ही गोष्ट वीस घरांत जाणार होती. उद्या कुणी वाढदिवसाला बोलावलं नाही, तर तिला कसं समजवायचं? मी ईमेल पाठवली नाही, पण पुसलीही नाही.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट आणि स्वेटर घालून दारात उभे. "मी येतो."

"कशाला?"

"तिला एकटीला का उभं करायचं?"

वर्गात त्यांना गालिच्यावर बसता येईना, म्हणून एक बुटकी खुर्ची दिली. गुडघे छातीपर्यंत आले. टीचर रात्रीच्या विमानाने परतली असावी, डोळे सुजलेले, पण हाताची घडी तशीच. लेक उभी राहिली आणि तिने सांगून टाकलं. आमच्या घरी अंडी गार झाली. पाचेक तास. चार हलताना दिसली, बाकीची नाही.  मग पुढे बसलेला एक मुलगा म्हणाला, "यू प्रॉमिस्ड."

लेकीने बाही मुठीत घट्ट धरली. मी टीचरकडे पाहिलं. ती जागची हलली नाही. मला तिचा इतका राग आला की मी स्वतः पुढे होणार होते.

"इट वॉज मी," बाबा म्हणाले. कचेरीत साहेबांशी बोलायचे तशा इंग्रजीत. "शी डिड नॉट डू एनीथिंग. आय स्विच्ड ऑफ."

एका मुलीने हात वर केला. "व्हाय?"

"फायर," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "इन माय जॉब, आफ्टर फायर, आय हॅड टु गो अँड सी द हाउस. आय हॅव सीन मेनी."

हे आम्हाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही, हे मी नंतर विचारून घेतलं. त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "डिड यू से सॉरी टु द एग्ज?"

"येस," बाबा म्हणाले. "एव्हरी डे."

कोणी हसलं नाही. लेकीने डोळे पुसले आणि पुढचा प्रश्न टाकला, आता काय करायचं? बरीच चर्चा होऊन ठरलं की आधीचीच कामं करायची. अंडी उलटायची पाळी कुणाची होती ते बघून तो मुलगा हात धुवायला गेला. यू प्रॉमिस्ड म्हणणाराच होता तो.

त्यानंतरचा दीड आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. अंडी फुटायचा दिवस आला तेव्हा टीचरने कॅमेऱ्याची लिंक पाठवली. बाबा सकाळपासून लॅपटॉपसमोर बसले. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मीटिंगमध्ये होते, पण माझं लक्ष त्यांच्या चष्म्यातल्या प्रतिबिंबावर होतं. दुपारी ते एकदम उठून उभे राहिले. एका अंड्याला तडा गेला होता. मग तासभर काहीच नाही. मग एक ओलं, केविलवाणं पिल्लू बाहेर कलंडलं आणि वर्गातला आरडाओरडा स्पीकर फाडून आमच्या स्वयंपाकघरात आला. बाबा खाली बसले नाहीत. संध्याकाळपर्यंत पाच निघाली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. मग काही नाही. आणखी एक पूर्ण दिवस वाट पाहून टीचरने इन्क्यूबेटर बंद केला.

त्या दुपारी लेक बसमधून उतरली तेव्हा बाबा दारातच उभे होते. तिने दप्तर खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "पाच गेली ना? माझ्यामुळे गेली."

"आजोबा, यू कान्ट से दॅट."

"का नाही म्हणायचं? मीच बंद केलं होतं."

"टीचरने आम्हाला विचारलं, पाच का नाही निघाली. काही जण म्हणाले, कोल्ड. पण कोल्ड तर सगळी झाली होती. सात निघाली ना? आणि दरवर्षी काही निघतच नाहीत, कोल्ड न होता पण." ती बुटाची नाडी सोडत शांतपणे बोलत होती. "सो आम्ही चार्टवर लिहिलं, वी डोन्ट नो."

"पण माझ्यामुळे असतील."

"असतील," ती म्हणाली. त्यांना बरं वाटावं म्हणून काही जोडलं नाही. "मे बी. पण शुअर नसताना शुअर आहे असं नाही लिहायचं."

 बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या शनिवारनंतर आमची नजरानजर झाली नव्हती. "तुला काय वाटतं?" त्यांनी विचारलं.

मला काय वाटतं ते त्या घरात प्रत्येकाला माहीत होतं. मी ते रोज ताटाबरोबर त्यांच्यापुढे ठेवत होते. लेक एक बूट हातात धरून माझ्या उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्यासमोर मला खोटं बोलायचं नव्हतं.

"माहीत नाही, बाबा," मी म्हणाले. म्हणताना लक्षात आलं की मला खरंच माहीत नव्हतं.

ते दाराशेजारच्या बाकावर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडू लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि बराच वेळ बसून राहिले.